स्कॅनची एक बाजू काळी का येते? लाइन स्कॅन कॅमेरा आणि फ्लॅट फील्ड करेक्शन

मागच्या वर्षी स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी मी विष्णुपुरीतल्या एका झेरॉक्स सेंटरवर मार्कमेमो स्कॅन केला. मेमोची उजवी कड काळपट आली आणि नेमके एकूण गुण तिथेच होते. ‘कागदपत्र अस्पष्ट’ म्हणून फॉर्म परत आला. शेवटची तारीख दोन दिवसांवर! मोबाइलवर ब्राइटनेस वाढवला, तर गुण दिसायला लागले, पण मधला फिकट शिक्का उडाला. असं का होतं, ते आज बघू.

लाइन स्कॅन म्हणजे काय?

मोबाइलचा कॅमेरा आख्खा चौकोन एकदम टिपतो. कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये मात्र पिक्सेलची एकच आडवी ओळ असते. कागद सरकत जातो आणि ओळीखाली ओळ जोडून चित्र बनतं. म्हणजे एक पिक्सेल चित्रातला एक आख्खा उभा रकाना भरतो. त्या पिक्सेलला उजेड कमी मिळाला, तर रकाना वरपासून खालपर्यंत काळपट येतो.

उजेड कमी-जास्त का होतो?

- एलईडी पट्टीचा उजेड टोकांकडे कमी पडतो.
- लेन्स असेल तर कडेला प्रकाश कमी पोचतो.
- प्रत्येक पिक्सेल सारखाच संवेदनशील नसतो.

दुरुस्ती कशी करतात?

1. उजेड बंद करून काही ओळी टिपायच्या. हा प्रत्येक पिक्सेलचा ‘काळा’ आकडा.
2. कोरा, एकसारखा पांढरा कागद सरकवत शंभरेक ओळी टिपून सरासरी काढायची. हा ‘पांढरा’ आकडा.
3. मग प्रत्येक पिक्सेलला हे सूत्र लावायचं:

नवा आकडा = (कच्चा − काळा) × लक्ष्य ÷ (पांढरा − काळा)

उदाहरण घेऊ. काळा आकडा सगळीकडे 10, लक्ष्य 210. पांढरा कागद मधे 220 दाखवतो, कडेला फक्त 130. आता एकच राखाडी रंग मधे 115 आणि कडेला 70 असा टिपला गेला. मधे: (115 − 10) × 210 ÷ 210 = 105. कडेला: (70 − 10) × 210 ÷ 120 = 105. दोन्हीकडे सारखाच! ब्राइटनेसचं बटण सगळ्या रकान्यांना एकाच मापाने मोजतं, म्हणून माझा शिक्का उडाला. इथे प्रत्येक रकान्याचं माप वेगळं आहे.

हे फक्त स्कॅनरपुरतंच आहे का?

नाही. आपल्या शेजारचं लातूर तूरडाळीसाठी प्रसिद्ध आहे. डाळ मिलमधल्या कलर सॉर्टरमध्ये दाणे कॅमेऱ्यासमोरून खाली पडतात आणि डागी दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. कडेला उजेड कमी असेल, तर चांगली डाळही मशीनला काळी वाटणार आणि खराब मालात जाणार. नुकसान सरळ पैशांचं!

17 मार्च 1988 ला सोडलेला भारताचा आयआरएस-1ए उपग्रहही पिक्सेलच्या ओळीनेच जमीन टिपायचा. अशा उपग्रहांच्या चित्रात पिक्सेलचा फरक दुरुस्त केला नाही, तर विष्णुपुरी धरणासारख्या एकसारख्या पाण्यावर पट्टे उमटतात.

हे लक्षात ठेवा

- पांढरा कागद टिपताना आकडा 255 ला टेकू देऊ नका. तिथे खरी माहिती हरवते.
- काच आधी पुसा. धूळ असतानाच पांढरा आकडा घेतला आणि नंतर ती उडाली, तर तिथे उजळ रेघ येते.
- दिवा जुना झाला, बदलला किंवा सेटिंग बदललं, तर दोन्ही आकडे परत घ्या.
- कडेचा आकडा वाढवला की तिथला ‘दाणेदारपणा’ही वाढतो. फारच अंधार असेल, तर आधी उजेड सुधारा.

माझ्या मेमोचं काय झालं? सेंटरवाल्या दादांनी काच पुसली, स्कॅनरसोबत आलेला पांढरा कॅलिब्रेशन कागद शोधून काढला आणि मेनूतून कॅलिब्रेशन चालवलं. पुढच्या स्कॅनमध्ये गुणही दिसले, शिक्काही दिसला. फॉर्म वेळेत गेला. तुमच्या स्कॅनची कड काळी आली, तर ब्राइटनेसला हात लावण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा: ‘दादा, कॅलिब्रेशन कधी केलं होतं?’