पत्र्याचें छप्पर

कागलच्या जुन्या घरांवर खापरी कौलें असत. मृगापूर्वीं तीं चाळल्यावांचून गत्यंतर नसे. लंडनच्या गोदीचे अभियंते हेन्री पामर यांनीं १८२९ सालीं पन्हळी पत्र्याचें पेटंट घेतलें. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याचें पेटंट फ्रान्समध्यें सोरेल यांनीं १८३७ सालीं घेतलें. १८९१ सालीं कोल्हापुरास आगगाडी आली आणि असला माल आणणें सुकर झालें.

पत्रा हलका असल्यानें लांकूड थोडें लागतें. पण तो उन्हांत तापतो, पावसांत वाजतो. कारागिराची खरी परीक्षा खिळ्यापाशीं होते. तो पन्हळीच्या उंचवट्यावरच ठोकावा. खोलगट भागांत ठोकल्यास वाहतें पाणी घरांत उतरतें. मुलामा उडाला कीं गंज आलाच. म्हणून पत्रा निवडतांना जस्त पाहावें. कौलांची थंडाई मात्र त्याजकडे मागूं नये.