कातडी, फिल्म आणि स्फटिक : क्ष-किरण विभागातल्या बिल्ल्याची कुळकथा

रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात किंवा धातूचे जोड क्ष-किरणांनी तपासणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या छातीवर जो लहानसा प्लॅस्टिकचा बिल्ला असतो आणि ज्याला तिथली मंडळी नुसते ‘टीएलडी’ किंवा ‘बॅज’ म्हणतात, त्या बिल्ल्याच्या अंगी रक्षणाचा गुण अजिबात नाही. रक्षण करतात त्या खोलीच्या जाड भिंती, दाराला ठोकलेला शिशाचा पत्रा, अंगावरचा शिशाचा एप्रन, यंत्रापासून राखलेले अंतर आणि किरण सोडण्याचा आखूड अवधी. बिल्ला फक्त या सगळ्यांतून निसटून अंगापर्यंत पोहोचलेल्या प्रारणाची, म्हणजे किरणांच्या रूपाने वाहणाऱ्या ऊर्जेची, नोंद साठवतो. तरीही कामाच्या जागी प्रारणसुरक्षेची व्यवस्था बसवताना बिल्ल्यावाचून ती पुरी मानली जात नाही, कारण भिंत आणि एप्रन आपले काम करीत आहेत की नाहीत हे महिनोन्‌महिने सांगत राहील असा दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. या साक्षीदाराचे कूळ शोधत मागे गेले, तर मूळपुरुष म्हणून हाती लागते ती माणसाची कातडी.

विल्हेल्म राँटगेन यांना व्युर्त्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्या काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत, दवाखान्यांत, इतकेच नव्हे तर जत्रांतल्या खेळांतही क्ष-किरणनलिका लखलखू लागल्या. नलिकेतून निघणारे किरण किती भेदक आहेत हे ठरवण्याचे साधन कोणाकडेच नसल्यामुळे चालक आपलाच हात नलिका आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये धरीत आणि हाडे कितपत स्पष्ट दिसतात यावरून नलिकेची पारख करीत. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे. केस गळणे, कातडी लाल होणे, न भरणाऱ्या जखमा, अशा तक्रारी १८९६ सालीच प्रसिद्ध होऊ लागल्या होत्या. एलिह्यू टॉमसन या अमेरिकी अभियंत्याने त्याच वर्षी आपली करंगळी मुद्दाम नलिकेसमोर धरून ती भाजून घेतली आणि दोष किरणांचाच असल्याचे जाहीर केले. थॉमस एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली हातांचे अंगच्छेद सोसून मरण पावला; त्याच्या दुखण्यामुळे एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम आधीच सोडून दिले होते.

सावधगिरीचे नियम त्या मानाने लवकर आले. शिकागोचे वोल्फ्राम फुक्स यांनी १८९६ संपण्यापूर्वीच नलिकेजवळ कमीत कमी वेळ थांबावे, तिच्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत येऊ नये आणि कातडीला व्हॅसलीन लावावे, असा सल्ला दिला होता. व्हॅसलीन सोडले तर आजच्या प्रशिक्षणवर्गात शिकवला जाणारा काळ आणि अंतर यांचा पाठ तो हाच. आडोशाची भर घातली ती बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी. त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून क्ष-किरणांनी, कातडी न भाजताही, प्राणी मरू शकतो असे १९०१ साली दाखवले आणि नलिका शिसेयुक्त पेटीत बंद करावी, चालकाने शिसेयुक्त काचेचा चष्मा वापरावा, रुग्णाचा जो भाग पाहायचा नाही तो झाकावा, अशा सूचना केल्या. त्या काळी या सूचनांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. बिल्ल्याच्या वंशावळीत मात्र रॉलिन्स यांना जे स्थान आहे ते त्यांच्या १९०२ सालच्या एका कसोटीमुळे: नलिकेच्या पेटीला छायाचित्रणाची काच लावून ठेवावी आणि सात मिनिटांत ती काळवंडली नाही, तर पेटीतून बाहेर येणारे प्रारण अपायकारक नाही असे समजावे. कसोटी ढोबळ होती आणि आजच्या मापाने ती फारच सैल ठरते. पण ‘किती प्रारण चालेल’ या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या शरीराबाहेरच्या एका वस्तूवरून देण्याचा हा पहिला प्रयत्न होता.

रॉलिन्स यांची काच बाजूला पडली आणि पुढची २० वर्षे माप पुन्हा कातडीकडेच राहिले. रुग्णावर उपचार करताना कातडी जेमतेम लाल होईल एवढ्या किरणांना ‘रक्तिमा मात्रा’ म्हणत आणि डॉक्टर तिच्याच पटीत किंवा अंशात बोलत. लंडनचे क्ष-किरणतज्ज्ञ आयर्नसाइड ब्रूस १९२१ साली रक्ताच्या विकाराने वारले, वृत्तपत्रांत गवगवा झाला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्ष-किरण व रेडियम संरक्षणासाठी समिती नेमली गेली. शिशाच्या पत्र्याची जाडी, कामाचे तास, सुट्ट्या, खोलीतली हवा यांविषयी तिने शिफारशी केल्या, पण एका माणसाला किती प्रारण चालेल याचा आकडा त्यांत नव्हता. तो आकडा आर्थर मुत्शेलर यांनी १९२५ साली अमेरिकेत सुचवला. चांगले संरक्षण असलेल्या काही क्ष-किरणशाळांत जाऊन त्यांनी तिथल्या चालकांपर्यंत महिन्याकाठी सुमारे एक दशांश रक्तिमा मात्रा पोहोचते असा अंदाज बांधला, त्या चालकांना उघड इजा झालेली दिसली नाही हे पाहिले, आणि खबरदारी म्हणून त्याचाही दहावा भाग, म्हणजे ३० दिवसांत रक्तिमा मात्रेचा शंभरावा हिस्सा, ही ‘सहनमात्रा’ ठरवली.

आज हा आकडा वाचताना त्याच्या पायाची भुसभुशीतता लपत नाही: मोजके चालक, अंदाजाने काढलेले माप आणि इजा दिसली नाही म्हणून ती नाही असे मानणारे अनुमान. पण प्रारणसंरक्षणाचा पुढचा सगळा डोलारा याच आकड्यावर उभा राहिला. क्ष-किरण हवेत किती विद्युतभार निर्माण करतात यावरून त्यांचे माप करणारे ‘राँटगेन’ हे एकक १९२८ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारले गेले, तिथेच संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समितीही स्थापन झाली. रक्तिमा मात्रा सुमारे ६०० राँटगेन धरली, तर तिचा शंभरावा भाग ६ आणि तो ३० दिवसांत वाटला की दिवसाला ०.२ राँटगेन येतात. समितीने १९३४ साली नेमकी हीच मर्यादा जाहीर केली. आजच्या एककात ती दिवसाला साधारण २ मिलिसिव्हर्ट होते, म्हणजे हल्लीची वर्षाला २० मिलिसिव्हर्टची सरासरी मर्यादा तेव्हा दहा दिवसांत भरत असे. मर्यादा जाहीर झाल्यानंतर दोन वर्षांनी, १९३६ साली, हॅम्बुर्गच्या सेंट गेओर्ग रुग्णालयात क्ष-किरण आणि रेडियम यांनी बळी घेतलेल्यांचा स्मारकस्तंभ उभारला गेला आणि त्यावर १५ देशांतली १६९ नावे कोरली गेली.

आकडा ठरला की तो प्रत्येकाच्या अंगावर मोजण्याची सोय हवी, आणि ती दंतवैद्यांच्या फिल्मने करून दिली. दातांच्या क्ष-किरणचित्रासाठी काळ्या कागदात गुंडाळलेली छोटी फिल्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून तयार मिळू लागली होती, आणि फिलाडेल्फियाचे जॉर्ज फाहलर यांनी १९२२ साली अशी फिल्म क्ष-किरण कर्मचाऱ्यांनी जवळ बाळगावी असे सुचवले. ठरावीक दिवसांनी ती डार्करूममध्ये धुतली की तिच्या काळेपणावरून प्रारणाचा अंदाज येई. फिल्मला धातूची टाचणक्लिप लावून खिशात ठेवायची आणि धुतल्यावर क्लिपची सावली उमटली तर काहीतरी बिघडले आहे असे समजायचे, ही घरगुती चाचणी दंतवैद्यांत पुढे बराच काळ चालली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या पदार्थवैज्ञानिक एडिथ क्विम्बी यांनी १९२६ साली या अंदाजाला पद्धतीचे रूप दिले. त्यासाठी एक अडचण ओलांडावी लागली, आणि ती समजून घेतल्याशिवाय आजच्या बिल्ल्याची रचना कळत नाही. फिल्मवरच्या चांदीच्या संयुगात जड अणू असल्यामुळे ती कमी ऊर्जेचे क्ष-किरण शरीराच्या मांसापेक्षा कितीतरी पट अधिक शोषून घेते, म्हणजे सारख्याच अपायाला कधी ती फिकी राहते तर कधी काळीकुट्ट होते. उपाय असा की फिल्मच्या काही भागावर धातूचे पत्रे ठेवायचे आणि उघड्या व झाकलेल्या भागांच्या काळेपणाच्या प्रमाणावरून आधी किरणांची जात ओळखायची, मग त्यांचे प्रमाण.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात हजारो माणसांवर एकदम नजर ठेवण्याची वेळ आली, तेव्हा शिकागोच्या प्रयोगशाळेतले अर्नेस्ट वोलन यांनी कॅडमियमचा पत्रा बसवलेला फिल्मबिल्ला तयार केला. खिशात ठेवायची विद्युतभारमापके त्याआधीपासून होती, पण ती आपटली वा दमट झाली की खोटे सांगत. फिल्म बिनबोभाट साठवत राही आणि धुतल्यावर कागदपत्रांत ठेवता येई. डॉक्टरांनी स्वतःसाठी काढलेली युक्ती इथून पुढे मालकाने नोकरासाठी ठेवायच्या दप्तराचा भाग झाली.

दरम्यान आकड्याचा अर्थच पालटला होता. हर्मन मुलर यांनी १९२७ साली क्ष-किरणांनी फळमाश्यांच्या आनुवंशिक गुणांत बदल होतात हे दाखवले होते आणि त्यातून, अपायाला खालची हद्द असेलच असे नाही, ही शंका वाढत गेली. सहनमात्रेच्या जागी ‘अनुज्ञेय मात्रा’ आली, म्हणजे निर्धोक नव्हे तर पत्करण्याजोगी. १९५० साली आठवड्याला ०.३ राँटगेन, त्याच दशकात वर्षाला आजच्या ५० मिलिसिव्हर्ट इतकी, आणि १९९० साली पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. मर्यादा जितकी खाली उतरली तितकी फिल्म अपुरी पडू लागली.

तिची जागा स्फटिकांनी घेतली. काही स्फटिकांवर प्रारण पडले की त्यातली थोडी ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या रूपाने स्फटिकरचनेतल्या दोषांत अडकून बसते आणि स्फटिक तापवल्यावर प्रकाश होऊन बाहेर पडते. या गुणाला तापदीप्ती (थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजेच ‘टीएलडी’तला ‘टीएल’) म्हणतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी १९५० च्या दशकात ती प्रारणमापनाला जुंपली आणि पुढच्या दशकात लिथियम फ्लोराइडचे मापक बाजारात आले.

भारतात फिल्मबिल्ल्यांची सेवा तुर्भ्याच्या अणुऊर्जा संस्थेतून, म्हणजे पुढच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून, देशभर दिली जाई. उष्ण आणि दमट हवेत फिल्मवरची अप्रकट प्रतिमा धुण्याआधीच फिकी होते, हा दोष मुंबईपासून चेन्नईपर्यंतच्या किनाऱ्याला चांगलाच भोवणारा होता. केंद्रातल्या नंबी, बापट आणि गांगुली यांचा दुर्मीळ मृदा धातू मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटवरचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि १९७५ पासून डिस्प्रोझियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटचा बिल्ला वापरात आला. लिथियम फ्लोराइडपेक्षा हा पदार्थ कितीतरी अधिक संवेदनशील आणि देशात सहज तयार होणारा. पण तोही, फिल्मप्रमाणेच, कमी ऊर्जेच्या किरणांना अवाजवी दाद देतो. म्हणून टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन चकत्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ओळीने लावतात: एक तांबे व अॅल्युमिनियम यांच्या पत्र्यांमध्ये, दुसरी प्लॅस्टिकखाली, तिसरी उघडी. चांदीचे संयुग गेले, डार्करूम गेली, तरी क्विम्बी यांच्या काळातली पत्र्यांची युक्ती वारशाने उतरलीच.

अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ साली झाली आणि आज २००४ च्या प्रारणसंरक्षण नियमांनुसार बिल्ला पुरवणे, त्याची नोंद ठेवणे आणि प्रारणसुरक्षा अधिकारी नेमणे ही जबाबदारी संस्थाचालकाची आहे. वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसिव्हर्टच असली तरी कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ नये, अशी जादा अट भारताने घातलेली आहे. बिल्ला एप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. प्रत्येक संस्थेला एक जादा ‘नियंत्रण बिल्ला’ मिळतो, जो प्रारणापासून दूर ठेवून निसर्गातल्या प्रारणाची वजाबाकी करण्यासाठी वापरतात. रुग्णालयांत साधारणपणे तिमाहीला बिल्ले परत जातात आणि एखाद्यात अवाजवी आकडा निघाला की चौकशी होते. चौकशीत पुष्कळदा असे निघते की तो आकडा माणसाचा नव्हताच, बिल्ला यंत्राच्या खोलीत खुंटीवरच्या एप्रनला लटकत राहिला होता.

इथे स्फटिकाचा एक उणा गुण आड येतो. फिल्मवर पत्र्यांच्या सावल्या उमटतात आणि त्यांवरून किरण एकाच दिशेने, एकाच वेळी आले की नाही याचा माग पुन्हापुन्हा काढता येतो. कॅल्शियम सल्फेटची चकती मात्र तापवून वाचली की साठवलेली ऊर्जा सांडून जाते. पट्टी पुन्हा वापरता येते, यामुळे खर्च वाचतो, पण वादाच्या वेळी कर्मचाऱ्याजवळ काय उरते, तर दप्तरातला आकडा. कार्बनमिश्रित अॅल्युमिनियम ऑक्साइडचे मापक, ज्यांतली ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाशाच्या झोताने सोडवली जाते, ही उणीव पुष्कळशी भरून काढतात: वाचनात साठ्याचा थोडाच भाग खर्ची पडतो आणि तोच बिल्ला दुसऱ्यांदा वाचता येतो.