पाहुणा पियानोवादक

श्रोतेहो, मुंबईच्या वर्तमानपत्रात अधूनमधून एक जाहिरात येते. अमुक तारखेला सिम्फनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम, आणि खाली जाड अक्षरांत एखादे परदेशी नाव : पाहुणे पियानोवादक. २००६ साली मुंबईत ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ निघाला, तेव्हापासून अशी जाहिरात पुष्कळांच्या ओळखीची झाली आहे. ती वाचून तुम्ही म्हणाल, सत्तर-ऐंशी वादक घरचेच असताना हा आणखी एक पाहुणा कशाला?

प्रश्न रास्त आहे. ‘कॉन्चेर्टो’ नावाचा एक प्रकार तिकडच्या संगीतात आहे. त्यात एका बाजूला एकटा वादक आणि दुसऱ्या बाजूला सगळा वृंद. भजनात बुवा एक ओळ टाकतात, टाळकरी ती उचलतात, मग बुवा पुन्हा वर जातात, तसेच थोडेसे. फरक एवढाच, की इथे स्वर न् स्वर आधी कागदावर लिहिलेला असतो. एकट्याने वाजवायचा भाग फार अवघड, म्हणून त्यात मुरलेला वादक बाहेरून बोलावतात. तो येतो, एकदोन तालमी करतो, वाजवतो आणि पुढच्या गावाला जातो.

पण हा पाहुणा केवळ वाजवून जातो असे नाही. घरच्यांनी टाकून दिलेली एक कृती एका पाहुण्याने जगात उभी केली, ती हकिगत आज सांगायची आहे.

त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे १८७४ सालच्या नाताळची आदली संध्याकाळ. मॉस्कोच्या संगीत विद्यालयातला एक वर्ग. पीटर चायकोव्हस्की हा चौतिशीचा शिक्षक आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो घेऊन आला होता. त्याची स्वतःची ख्याती पियानोवादक म्हणून नव्हती. म्हणून पियानोच्या दृष्टीने कुठे काही अडते का, एवढेच त्याला जाणकाराकडून हवे होते. ऐकायला बसले होते निकोलाय रुबिनश्टाइन, विद्यालयाचे प्रमुख आणि मोठे पियानोवादक. सोबत आणखी एक सहकारी.

पहिला भाग वाजवून झाला. रुबिनश्टाइन गप्प. शिक्षक मंडळींना ही शांतता ठाऊक असेल. वर्गात तपासणीला आलेले साहेब वही मिटून काहीच बोलत नाहीत, तशी! चायकोव्हस्कीने शेवटपर्यंत वाजवले आणि विचारले, कसे वाटले? मग जो भडिमार सुरू झाला! कृती टाकाऊ आहे, वाजवता येण्याजोगी नाही, अमुक जागा इथून उचलली, तमुक तिथून. दोनतीन पाने ठेवावीत, बाकीचे फेकावे. चायकोव्हस्की एक शब्द न बोलता खोलीबाहेर पडला. रुबिनश्टाइन मागोमाग गेले. अमुक दिवसापर्यंत सगळे बदलून आणलेस तर माझ्या कार्यक्रमात वाजवीन, असे म्हणाले. चायकोव्हस्कीने सांगितले, एक स्वर बदलणार नाही. आहे तसेच छापीन. हे सारे त्याने तीन वर्षांनी एका पत्रात लिहिले आहे. तेव्हाही जखम ओलीच होती, हे पत्र वाचताना कळते.

टीका काय, कुणावरही होते. पण ज्याच्या घरी आपण मॉस्कोत आल्यावर राहिलो, ज्याने नोकरी दिली, त्याच्याच तोंडून ती ऐकायची!

त्याने ती कृती अर्पण केली हान्स फॉन ब्यूलो या जर्मन पियानोवादकाला. ब्यूलोला ती फार आवडली. तो अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला होता, तीही बरोबर घेऊन गेला. आणि रशियातल्या माणसाची ही रचना पहिल्यांदा वाजली ती बॉस्टन शहरात, २५ ऑक्टोबर १८७५ रोजी. वृंद लहान होता, तालमी बेताच्या. मधेच ट्राँबोनवाले भलत्याच ठिकाणी शिरले आणि ब्यूलोने वाजवता वाजवता त्यांना शिवी हासडली, अशी एका श्रोत्याची आठवण आहे. तरी लोक खूष! शेवटचा भाग पुन्हा वाजवा म्हणून त्यांनी हट्ट धरला. ब्यूलोने मॉस्कोला तार केली. चायकोव्हस्की त्या वेळी पैशाने तंग होता, आणि जवळचे होते ते त्याने उलट तारेवर खर्चले, असे सांगतात. आपल्याकडे असे कधी होत नाही, असे त्याने एका मित्राला लिहिले.

आता रुबिनश्टाइनना खलपुरुष ठरवू नका. त्याच वर्षाअखेर मॉस्कोत ही कृती झाली, तेव्हा पियानोवर चायकोव्हस्कीचा विद्यार्थी तानेयेव्ह होता आणि वृंदाचे संचालन केले खुद्द रुबिनश्टाइन यांनी. पुढे १८७८ मध्ये ते स्वतः ती वाजवू लागले. आपले मत चारचौघांत असे फिरवायला छाती लागते. आणि ‘एक स्वर बदलणार नाही’ म्हणणाऱ्या चायकोव्हस्कीनेही पुढे दोनदा ती दुरुस्त केली! आज सुरुवातीला पियानोचे जे दणदणीत स्वर ऐकू येतात, ते पहिल्या प्रतीत तसे नव्हते.

पुढे त्र्याऐंशी वर्षांनी या गोष्टीला वेगळेच वळण लागले. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला होता, अमेरिका आणि रशिया एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. १९५८ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोत चायकोव्हस्कीच्या नावाने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. टेक्सासमध्ये वाढलेला व्हॅन क्लायबर्न नावाचा तेवीस वर्षांचा उंच, किडकिडीत मुलगा तिथे आला. पहिले धडे त्याला आईने दिले होते. पुढे न्यूयॉर्कला तो ज्या रोझिना लेव्हीन यांच्याकडे शिकला, त्या मॉस्कोच्याच विद्यालयाच्या विद्यार्थिनी. अंतिम फेरीत त्याने हाच कॉन्चेर्टो वाजवला, त्याच विद्यालयाच्या सभागृहात. संचालक होते किरिल कोन्द्राशिन. रशियन श्रोते उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. अमेरिकन मुलाला पहिला क्रमांक द्यावा तरी कसा, म्हणून विषय थेट ख्रुश्चेव्हपर्यंत गेला. त्यांनी विचारले, तोच सर्वांत चांगला आहे ना? मग द्या, असे म्हणतात.

बाईंच्या घरून गेलेले मूल आपल्याच गावी पाहुणे म्हणून परत यावे, तशी ती रचना परतली होती. महिनाभराने कोन्द्राशिन न्यूयॉर्कला पाहुणे म्हणून गेले आणि दोघांनी तीच तिथे सादर केली. तिची ध्वनिमुद्रिका दहा लाखांवर खपली.

श्रोतेहो, ही कृती ऐकायचा योग आला तर दोन जागांकडे लक्ष ठेवा. आरंभी चार शिंगे वरून खाली उतरणारी एक हाक देतात. मग व्हायोलिने एक भरदार चाल घेतात आणि पियानो त्यावर ठोके देत वर चढतो. ही चाल नीट ऐकून घ्या, कारण थोड्या वेळाने ती जाते ती पुन्हा येत नाही. त्यानंतर येते एक उड्या मारणारी, बारीक चाल. ती चायकोव्हस्कीने युक्रेनमधल्या कामेन्का गावी, बाजारात गाऊन भीक मागणाऱ्या आंधळ्या माणसांच्या तोंडून उचलली होती. तिथले सगळे आंधळे गवई तीच एक चाल गातात, याचे त्याला मोठे नवल वाटले होते.