पाणी की मांस? गाठीच्या तपासणीची गोष्ट

मंडळी, आज आपण वैद्यकातला एक साधा प्रश्न घेऊ. अंगावर गाठ आली की आपण काय करतो? चाचपून पाहतो. डॉक्टरही आधी तेच करतात. गाठ मऊ आहे की टणक, हलते की नाही, हे बोटांना कळतं. आत पाणी आहे की मांस, हे मात्र दरवेळी कळत नाही. १८९५ मध्ये क्ष-किरण आले, हाडं दिसू लागली. पण मांस आणि पाणी यांतला फरक त्यांनाही नीट दाखवता येईना.

तो फरक कळला तो बॉयलरच्या कारखान्यात! धातूत आत कुठे तडा आहे का, हे बघायला तिथे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडत. तडा असला की तिथून प्रतिध्वनी परत येई. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांना वाटलं, हेच गाठीवर करून पाहू. जुलै १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून ते रेनफ्र्यूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कारखान्यात गेले. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता. पाण्याच्या गाठीतून लहर सरळ पार गेली, पलीकडच्या भिंतीवरूनच परतली. भरीव गाठीत मात्र ती वाटेतच ठिकठिकाणी परतत राहिली.

पुढे टॉम ब्राऊन या अभियंत्यानं रुग्णांसाठी यंत्र घडवलं. एका बाईंचं पोट खूप फुगलं होतं. जठराचा कर्करोग, आता इलाज नाही, असं निदान झालेलं. यंत्रानं दाखवलं की पोटात एक प्रचंड, द्रवानं भरलेली गाठ आहे. अंडाशयाची ती साधी गाठ काढली आणि बाई वाचल्या. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा निबंध आला. अमेरिकेत जॉन वाइल्ड आणि जॉन रीड यांनी तर त्याआधीच स्तनातल्या गाठींवर असं काम सुरू केलं होतं.

आता आपण तत्त्वज्ञानाची माणसं, म्हणून विचारू: यंत्रानं नेमकं काय सांगितलं? 'कर्करोग नाही' असं ते म्हणालंच नाही. लहर कुठून परतली, एवढंच त्यानं दाखवलं. अर्थ माणसांनी लावला, आणि मुख्य म्हणजे आधीचं निदान पुन्हा तपासायची तयारी ठेवली.

आजच्या सोनोग्राफीतही हेच आहे. द्रव पडद्यावर काळा दिसतो, पण काही भरीव गाठीही काळपट दिसतात. म्हणून तज्ज्ञ गाठीची खोली, कडा, रक्तप्रवाह बघतात. शंका उरली तर त्याच चित्राच्या आधारानं सुई घालून तुकडा काढतात. तेव्हा 'सोनोग्राफीत आलंय' म्हणजे शेवटचा शब्द झाला, असं आपण धरू नये; आणि नुसत्या हाताच्या अंदाजावर कुणाची आशाही सोडू नये.