फटफटीची पाटी

शहरांतील कोणत्याहि गजबजलेल्या चौकांत घटकाभर उभें राहिलें तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. वाहतूक-पोलीस एखाद्या तरुणाची मोटारसायकल बाजूला घेतो, परवाना पाहतो, विम्याचा कागद पाहतो, डोक्यावर हेल्मेट असल्याची खात्री करून घेतो आणि मग सावकाश गाडीच्या मागें जाऊन वांकून पाहूं लागतो. तेथें नंबराची पाटी आकाशाकडे तोंड करून वळविलेली असते, किंवा चाकाच्या आड ढकललेली असते, किंवा मुळींच नसते. तरुणाच्या नांवावर दंड लागतो. आणि चोरी नाहीं, अपघात नाहीं, पत्र्याच्या एका तुकड्यापायीं पैसे गेले, असें पुटपुटत तो निघून जातो. ही कुरकूर आजची नव्हे. ती जवळजवळ मोटारसायकलीइतकीच जुनी आहे. आणि तिचा इतिहास पाहूं गेल्यास प्रत्येक वेळीं कायद्याचीच बाजू खरी होती असेंहि आढळून येत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ पॅरिस शहरांत झाला. १४ ऑगस्ट १८९३ रोजीं तेथील पोलीस खात्यानें एक हुकूम काढला. लुई लेपीन हे त्या सुमारास नुकतेच त्या खात्याचे प्रमुख झाले होते. यांत्रिक शक्तीनें चालणाऱ्या प्रत्येक वाहनावर धातूची एक पाटी असावी; तीवर मालकाचें नांव, पत्ता आणि परवानगीचा क्रमांक वाचतां येईल अशा अक्षरांत लिहावा; ती वाहनाच्या डाव्या बाजूस बसवावी आणि केव्हांहि झांकली जाऊं नये, असें त्यांत म्हटलें होतें. पाटीची जागा आणि पाटी झांकण्याची मनाई या दोन्ही गोष्टी त्या पहिल्याच हुकुमांत आहेत, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. पाटी आधीं आली आणि ती कशी लावावी याचे नियम सरकारी कारकुनांनीं मागाहून रचले, असा जो समज असतो तो चुकीचा आहे. दिसत नाहीं ती पाटी नसल्यासारखीच, हें लेपीन यांच्या खात्यानें प्रथमच ओळखलें होतें.

अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानानें १९०१ सालीं कायदा केला, तो थोडा मौजेचा होता. तेथें क्रमांकच नव्हता. मालकानें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें निदान तीन इंच उंचीचीं करून गाडीच्या मागें लावावयाचीं, एवढेंच त्याचें मागणें. पाटी ज्याची त्यानें करून घ्यावयाची असल्यामुळें कोणी ती कातड्याची केली, कोणी लांकडाची. एकाच आद्याक्षरांचे दहा गृहस्थ एका शहरांत असूं शकतात ही अडचण उघडच होती. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९०३ पासून स्वतःच क्रमांक घातलेल्या, मुलामा दिलेल्या लोखंडी पाट्या मालकांस देण्यास सुरुवात केली.

परंतु मोटारसायकल आणि पाटी यांचें खरें भांडण पाहावयाचें तर इंग्लंडकडे वळलें पाहिजे. आपल्याकडील मोटारीचे कायदे इंग्रजी अमदानींत घडले; तेव्हां त्या भांडणाशीं आपलाहि संबंध येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतून जाणारे रस्ते डांबरी नव्हते. मोटार गेली कीं मागें धुरळ्याचा लोट उठे. कुंपणें पांढरीं होत, वाळत घातलेले कपडे मळत, कोंबडी चिरडली जाई, आणि धुरळा खालीं बसेपर्यंत मोटार दिसेनाशी होई. ती कोणाची हें सांगणार कोण? भाड्याच्या घोडागाडीला नंबर असे, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करतां येत असे. श्रीमंताच्या खासगी मोटारीला मात्र कांहींच खूण नव्हती. मोटारवाल्यांस नंबराची कल्पना अपमानास्पद वाटे. भाडोत्री गाडीवानासारखा बिल्ला आपण कां लावावा, असा त्यांचा सवाल होता. शेवटीं एक सौदा झाला. १८९६ च्या कायद्यानें वेगाची कमाल मर्यादा ताशीं १४ मैल ठरविली होती, आणि स्थानिक कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळानें ती प्रत्यक्षांत १२ वर आणली होती. १९०३ च्या मोटारकार कायद्यानें ती २० मैल केली आणि त्याच्या मोबदल्यांत प्रत्येक गाडीस क्रमांक सक्तीचा केला. जॉन स्कॉट-माँटेग्यू यांच्यासारख्या मोटारप्रेमी लोकप्रतिनिधींनीं हा सौदा पत्करला. १ जानेवारी १९०४ पासून कायदा अमलांत आला. लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक अर्ल रसेल यांनीं मिळविला. त्यासाठीं ते रात्रभर कचेरीच्या दाराशीं बसून राहिले होते, अशी आख्यायिका आहे. हे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे वडील बंधु. ज्या बिल्ल्याची लाज वाटत होती त्याचाच मान होण्यास फार दिवस लागले नाहींत असें दिसतें!

मोटारीच्या नोंदणीस वीस शिलिंग आणि मोटारसायकलीच्या नोंदणीस पांच शिलिंग फी होती. याच कायद्याच्या दुसऱ्या कलमांत एक बारीक भेद आहे, आणि आजहि चौकांत जी हुज्जत चालते तिचें मूळ त्या भेदांत सांपडतें. पाटी नियमाप्रमाणें लावलेलीच नसेल, तर चालक गुन्हेगार. पण लावलेली पाटी झांकली गेली असेल वा नीट ओळखूं येत नसेल, तर तें टाळण्यासाठीं शक्य ते सर्व उपाय आपण केले होते असें सिद्ध करून चालकास सुटतां येत असे. चिखल हा दैवाचा भाग. पाटीची जागा हा मनुष्याच्या इच्छेचा भाग. दंड मात्र हलका नव्हता. अशा गुन्ह्यास पहिल्या खेपेस वीस पौंडांपर्यंत दंड होऊं शकत असे. म्हणजे मोटारसायकलीच्या नोंदणी-फीच्या ऐंशीपट.

हा भेद मोटारीच्या बाबतींत न्याय्य होता. मोटारीला पुढें सपाट तोंड आणि मागें सपाट पाठ असते; पाटी कोठें लावावी हा प्रश्नच उद्भवत नाहीं. फटफटीला तोंड नाहीं आणि पाठहि नाहीं. त्या काळची फटफटी म्हणजे इंजिन बसविलेली सायकलच. मागें अरुंद मडगार्ड, त्याखालीं चिखल उडविणारें चाक. पुढें हँडलाबरोबर वळणारें दुसरें चाक. पुढें आडवी पाटी बसवावी तर ती वारा अडविते, आणि हँडलावर त्याचा परिणाम होतो. म्हणून इंग्रजी नियमांनीं एक तोड काढली. पुढची पाटी पुढच्या मडगार्डावर, चाकाच्याच रेषेंत, उभी धरलेल्या सुरीसारखी बसवावयाची आणि क्रमांक तिच्या दोन्ही अंगांवर रंगवावयाचा. मडगार्डाच्या गोलाईप्रमाणें खालची कड वळविलेली ती कमानदार पाटी पुढें सत्तर वर्षें इंग्रजी मोटारसायकलीचें जणूं कपाळाचें गंध होऊन बसली.

आतां या पाटीचा उपयोग काय, हें पाहिलें पाहिजे. पुढची पाटी असते ती समोर उभ्या असणारासाठीं. पण समोर उभ्या असलेल्या मनुष्यास या पाटीची केवळ धार दिसे. क्रमांक वाचतां येई तो रस्त्याच्या कडेला उभे राहणारास, तोहि गाडी अगदीं पुढ्यांतून जात असतां क्षणभर. आणि दुर्दैवानें कोणी पादचारी गाडीपुढें आलाच, तर त्याच्या अंगाला पहिल्यानें भिडणारी वस्तु म्हणजे ती पत्र्याची धार. ‘पादचाऱ्यांना कापणारी सुरी’ अशा अर्थाचें टोपणनांव इंग्लंडांतील मोटारसायकलवाल्यांनींच तिला दिलें होतें. ज्याला धक्का बसला त्याला अपराधी ओळखतां यावा म्हणून निघालेली पाटी त्यालाच इजा करण्यास समर्थ ठरावी, यापेक्षां नियमाचा पराभव तो कोणता? तरीहि ती न लावणारास दंड होत राहिला. १९७५ सालीं ही सक्ति उठविण्यांत आली. २००१ च्या १ सप्टेंबरपासून नोंदलेल्या नव्या मोटारसायकलीवर तर पुढें पाटी लावण्यासच तेथें मनाई आहे. काल जी नसली तर गुन्हा, ती आज असली तर गुन्हा.

मागच्या पाटीचें असें झालें नाहीं. उलट तिचें महत्त्व वाढत गेलें. त्याचें कारण पाटी वाचणाराच बदलला. प्रथम तो धुरळ्यांत उभा असलेला शेतकरी होता. मग अंतर मोजून घड्याळ हातांत धरलेला, झुडपाआड बसलेला पोलीस झाला. या सापळ्यांची आगाऊ सूचना देण्यासाठींच १९०५ सालीं इंग्लंडांत मोटारवाल्यांची ‘ऑटोमोबाईल असोसिएशन’ निघाली. पुढें यंत्र आलें. हॉलंडचे मॉरिस गॅटसोनिडेस हे नामांकित शर्यतपटु. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्यांनीं जिंकली होती. वळणावर आपला वेग नेमका किती राहतो हें समजावें म्हणून त्यांनीं वेग मोजण्याचें साधन तयार केलें. १९९२ पासून त्यांच्या नांवाचे कॅमेरे इंग्लंडच्या रस्त्यांवर दिसूं लागले, आणि ते गाडी पुढें गेल्यावर तिच्या पाठीचें छायाचित्र घेतात. अधिक वेगानें जाण्यासाठीं केलेली युक्ति वेगवानांसच पकडूं लागली, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. मनुष्य मान वांकडी करून तिरपी पाटी वाचूं शकतो. यंत्राला मान नाहीं. म्हणून पाटीचा कोन, उंची आणि अक्षरांची ठेवण यांविषयींचा काटेकोरपणा कॅमेऱ्यांबरोबर वाढत गेला. मागील पाटीवर दोन ओळी असाव्यात आणि अक्षरें ६४ मिलिमीटर उंच असावींत, असा मोटारसायकलींसाठीं आज तेथें नियम आहे.

अमेरिकेंत हाच तंटा निराळ्या रूपानें दिसतो. तेथें मागील चाकाच्या एका बाजूस पाटी उभी, म्हणजे अक्षरें वरून खालीं वाचावीं लागतील अशी लावण्याची आवड पुष्कळांस आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यास ती मान्य नाहीं. अक्षरें सरळ उभीं असावींत, डावीकडून उजवीकडे वाचतां यावींत, पाटी हलतां कामा नये आणि मागची पाटी जमिनीपासून १२ इंचांहून खालीं वा ६० इंचांहून वर नसावी, असें तो म्हणतो. फ्लोरिडा संस्थानानें मात्र उभ्या पाटीस सवलत देतांना एक व्यावहारिक अट घातली. मालकाचें टोल-नाक्याचें आगाऊ भरलेलें खातें असावें आणि त्याचें संदेश देणारें यंत्र गाडीवर बसविलेलें असावें. पाटी वाचतां आली नाहीं तरी चालेल, पैसे बुडतां कामा नयेत, असाच त्याचा अर्थ! पाटी मुळांत कोणासाठीं निघाली होती याचें विस्मरण होऊं लागल्याची ही खूण मानावयास हरकत नाहीं.

हिंदुस्थानांत सर्व देशास लागू असा मोटार-कायदा १९१४ सालीं झाला. १९३९ सालीं दुसरा आला, आणि १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून सुरू होऊन मुंबईच्या गाड्यांवर ‘एमएच-०१’ हीं अक्षरें आलीं. मडगार्डावरची ती उभी सुरी आपल्याकडेहि होती. मद्रासची एनफील्ड बुलेट, म्हैसूरची जावा, राजदूत या गाड्या ज्यांनीं पाहिल्या त्यांना ती आठवेल. १९८९ च्या केंद्रीय नियमांत ५० व्या नियमानें तिला निरोप दिला. मोटारसायकलीच्या पुढील बाजूचा क्रमांक गाडीच्या रेषेंतील पाटीवर न लावतां हँडलास समांतर, समोरून दिसेल असा लावावा, असें तो स्पष्ट सांगतो. इंग्लंडनें पुढची पाटी सोडून दिली. आपण ती ठेविली, पण तिचें तोंड फिरविलें. समोरून येणाऱ्या मनुष्यास ती वाचतां येते आणि तिची धारहि गेली. तेव्हां या एका बाबतींत आपल्या नियमकर्त्यांनीं इंग्रजांपेक्षां अधिक विचार केला असें म्हणणें प्राप्त आहे.

त्याच नियमांनीं मोटारसायकलीच्या मागील पाटीवर अक्षरें ३५ व आंकडे ४० मिलिमीटर उंचीचे ठरविले, आणि दोन्ही इंग्रजी लिपींतच असावेत असें बंधन घातलें. मराठी माणसाच्या हौसेचा आणि नियमाचा खटका उडाला तो येथें. कोणी अभिमानानें देवनागरी आंकडे रंगविले. त्यांत आपल्या लिपीविषयीं प्रेम होतें, त्यांना लबाड म्हणतां येणार नाहीं. पण दुसरेहि होते. ४१४१ या आंकड्यांस जरा बांक दिला कीं ‘दादा’ होतो आणि २१४ चा ‘राम’ होतो, हा शोध महाराष्ट्रांत कोणी लावला कोण जाणे. असे क्रमांक मुद्दाम मिळवून मिरविण्याची रीत मात्र पुण्यासारख्या शहरांत चांगलीच रुजली. रस्त्यांत धक्का बसून पडलेली एखादी म्हातारी पोलिसांस काय सांगणार? गाडीचें नांव ‘दादा’ होतें, एवढेंच. असल्या सामान्य नियमभंगास १९८८ च्या कायद्यानें पहिल्या खेपेस १०० रुपयांपर्यंत दंड ठेविला होता. २०१९ च्या दुरुस्तीनें तो ५०० पर्यंत गेला.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर सरकारमान्य नमुन्याचीच सुरक्षा-पाटी असते. अशोकचक्राचें चमकतें चिन्ह, उठावाचे आंकडे आणि एकदां बसविली कीं न तोडतां निघत नाहीं असें कुलूप. दुचाकीसाठीं पुढें २८५ बाय ४५ मिलिमीटरची अरुंद पट्टी आणि मागें २०० बाय १०० ची पाटी, अशी सर्वसाधारण रीत आहे. रंगाऱ्याच्या हातून पाटी गेली, त्याबरोबर ‘दादा’ आणि ‘राम’हि जाऊं लागले. पण पाटी ज्या पट्टीवर बसते ती पट्टी वांकवितां येते, आणि ई-चलानाच्या कॅमेऱ्यास चुकविण्यासाठीं ती वांकविलीहि जाते.

इंग्लंडांत २००१ पूर्वीं नोंदलेल्या गाड्यांना पुढची पाटी ठेवण्याची मुभा आहे, सक्ति नाहीं. तेव्हां जुन्या ट्रायम्फ आणि बीएसए गाड्या जतन करणारे हौशी लोक ती कमानदार पाटी शोधून आणतात, तिच्या दोन्ही अंगांवर काळ्या रंगावर पांढरे आंकडे रंगवून घेतात आणि मेळाव्याच्या दिवशीं मडगार्डावर मोठ्या डौलानें मिरवितात.