तुमचं नेमकं काय?

पोस्ट लांबलीय, सवडीने वाचा.

परवा कांद्याची गाडी घोडेगावला खाली करून चहाला थांबलो होतो. ओळखीतलाच एक पोरगा, चांगला शिकलेला. सहज म्हणाला, "काका, तुमची आजी ख्रिश्चन होती ना? मग तुमचं नेमकं काय?" मी हसलो. पण पुढे तो म्हणाला, "म्हणजे, आपल्यातलेच ना तुम्ही?" हे मात्र लागलं.

आजी वडाळा बहिरोबाच्या मिशनच्या शाळेत शिकलेली. आजोबा मराठा शेतकरी. घरात देव्हारा होता आणि आजीच्या ट्रंकेत बायबल. करंज्या दिवाळीला व्हायच्या आणि नाताळलाही. सध्या लेकीसाठी स्थळं बघतोय, तर एका नातेवाइकाने सल्ला दिला, "बायोडाटात पणजीचा विषय नको." त्या रात्री झोप आली नाही. मग आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पुन्हा काढून बसलो.

नगर शहर वसवलं अहमद निजामशहाने, १४९० नंतरच्या चार-पाच वर्षांत. त्याचा बाप मलिक हसन. फरिश्ता हा इतिहासकार स्वतः इराणातून लहानपणी नगरला आलेला आणि निजामशाहीच्या चाकरीत राहिलेला. तो लिहितो की या हसनचं मूळ नाव तिमाप्पा, बापाचं नाव बहिरू. आपण बहिरोबा म्हणतो, तेच नाव. घराणं ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. विजयनगरशी झालेल्या लढाईत पोरगा बहामनी सैन्याच्या हाती लागला आणि मुसलमान झाला.

हे प्रेमाने झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. कैद झालेल्या पोराला कुणी विचारलं नव्हतं. पण पुढची गोष्ट बघा. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे त्याने पाथरी मागितली. का? तर ते आपल्या पूर्वजांचं गाव. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नाही मिळाली, तेव्हा लढून घेतली. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे नंतर ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना दिली. धर्म बदलला, भाषा बदलली, तख्त मिळालं, पण गावाची ओढ दोन पिढ्यांनंतरही सुटली नाही.

आता भोसल्यांकडे या. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, म्हणून नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, असं परंपरा सांगते. मुलांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. निजामशाहीचा सेनापती होता मलिक अंबर, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याच्या बाजूने हे दोघे भाऊ लढले. लढाई जिंकली, शरीफजी मात्र तिथेच पडले. पिराच्या नावाचा मराठा वीर हबशी सेनापतीच्या झेंड्याखाली नगरच्या मातीत गेला. त्याला विचारायचं का, "तुमचं नेमकं काय?"

आणि ज्यांचं नाव आज जिल्ह्याला आहे त्या अहिल्यादेवी? जन्म चौंडीचा, राज्य माळव्यात. मग त्या इकडच्या की तिकडच्या? दोन्हीकडच्या. आपल्याला त्यात अडचण वाटत नाही, अभिमान वाटतो.

ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसचे पुढारी आणून नगरच्या किल्ल्यात डांबले. त्यात काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद होते. त्यांचा जन्म मक्केचा, आई अरब. आयुष्यभर हिंदू-मुसलमान एकच राष्ट्र आहे म्हणून झगडले, फाळणीला विरोध केला. सोबत असफ अली होते. त्यांची पत्नी अरुणा, माहेरच्या गांगुली. नवरा पकडला गेला आणि त्याच दिवशी, ९ ऑगस्टला, तिने मुंबईत गोवालिया टँकवर तिरंगा फडकवला. नेहरूंच्या लेकीचं पारशी घरातल्या फिरोज गांधींशी लग्न झालं, त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. नेहरूंनी भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला तो याच किल्ल्यात.

हीच माणसं पुढे घटना समितीत बसली. संविधानाचं पाचवं कलम काढून बघा. संविधान लागू झालं तेव्हा नागरिक कोण होतं? ज्याचं कायमचं घर भारतात होतं आणि जो इथे जन्मला, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी कुणीही एक इथे जन्मलं, किंवा जो निदान पाच वर्षं इथे राहिला. "कुणीही एक" हे शब्द मी दोनदा वाचले. बाप कोणत्या जातीचा, आजी कोणत्या देवळात जायची, याचा त्यात उल्लेख नाही.

सरमिसळ नेहमी गोड नसते. त्यात कैद आहे, गुलामी आहे, तुटलेली माहेरं आहेत. माझ्या आजीच्या लग्नानंतर तिच्या घरचे कितीतरी वर्षं उंबऱ्याला आले नव्हते. पण हे पुसून टाकलं तर उरेल काय? नगरचा किल्लाही उरत नाही आणि मीही नाही.

त्या पोराला आता उत्तर देतो. बाळा, मी तुझ्यातलाच. माझी आजीही तुझ्यातलीच होती, कदाचित तुला माहीत नव्हतं इतकंच.

आणि बायोडाटात पणजीचं नाव राहणार आहे, माहेरच्या आडनावासकट. ज्याला खटकेल त्याने चहा घेऊन जावं.

तुमच्याही घरात अशी एखादी आजी असेल. तिचं नाव पोरांना सांगा.