मिश्रीला तंबाखू म्हणा

तंबाखू मूळची आपल्या मातीतली नव्हे. अमेरिका खंडातलं हे रोप पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला आलं आणि दख्खनमध्ये रुजलं. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आग्र्याला परतताना रत्नजडित हुक्क्यासह ती बादशहापुढे ठेवली. दरबारी हकिमाने हरकत घेतली. आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही, ती वस्तू बादशहाने घेऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे तंबाखू दरबारात शिरली ती औषध म्हणून. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली. पण ती टिकली नाही.

आपल्या घरांतल्या बायकांपर्यंतही तंबाखू औषधाच्याच रूपात पोचली. पानं तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटून बारीक पूड करायची, डबीत भरायची. हीच मिश्री, कुणी मशेरी म्हणतं. सकाळी दात घासायला, दाढ दुखली तर, पोट साफ व्हावं म्हणून, आणि मग दुपारी सवय म्हणून. विडी ओढणारी बाई गावात नावं ठेवून घेई. मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हटलं नाही. सासू लावते, म्हणून सूनही लावू लागते.

आमच्या मुसलमान घरांत एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो. रोज्यात मिसवाकने दात घासायला हरकत नसते. मिश्री मात्र बायका दिवसभर लावत नाहीत. मगरिबची अजान झाली, रोजा सुटला, की मगच डबी उघडते. मिश्री नुसतं दंतमंजन नाही, ती अंगात उतरते, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती पोटातल्या बाळापर्यंत जाते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

विज्ञानाने ते सांगायला बराच काळ घेतला. तंबाखूतलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं. १९७८ मध्ये मुंबईतल्या तंबाखू खाणाऱ्या गरोदर बायकांवरचा शोधनिबंध ब्रिटनच्या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. नंतर मुंबईतच १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या आणि त्यात मिश्रीच सर्वाधिक होती. आईचं वय, शिक्षण, वजन, गरिबी हे सगळं हिशेबात धरूनही त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. २००६ मध्ये याच पाहणीतून पुढचा आकडा आला. तंबाखू वापरणाऱ्यांत मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण ८.९ टक्के, न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के. एवढ्या बायका नऊ महिने वाट पाहून रिकाम्या हाताने घरी परतल्या.

हे मुंबईपुरतं नाही. २००८ मध्ये नऊ विकसनशील देशांतल्या गरोदर स्त्रियांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ओडिशातल्या जवळपास एक तृतीयांश स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरताना आढळल्या.

सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला मनाई केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कसा अडवणार? तिथे विचारपूसच कामी येते. २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते आहे, की प्रत्येक गरोदर स्त्रीला प्रत्येक तपासणीच्या वेळी तंबाखूबद्दल विचारावं. प्रश्न शब्दाचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दोन टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या, तर जवळपास तेरा टक्के धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या होत्या. ‘सिगारेट, विडी ओढता का?’ असं विचारलं तर मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंच असेल. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नालाही ती ‘नाही’च म्हणेल. मिश्री ती खात नाही, लावते.

शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून एवढंच सुचवतो. तपासणीला आलेल्या बाईला तिच्या बोलीत विचारा, ‘ताई, मिश्री लावता का?’ आणि ‘हो’ म्हणाली तर रागावू नका. तिने ती सासूकडून, आईकडून औषध म्हणूनच घेतलेली असते. डबी बंद करायला तिला घरातल्या सगळ्यांची साथ लागेल, विशेषतः त्या सासूची.